मनिला शहरातील ऐतिहासिक वास्तू : विध्वंस, पुनर्बांधणी आणि उपेक्षा

प्रस्तावना

आशियातील वसाहतकालीन नगरांचा विचार करताना मराठी अभ्यासकांसमोर जुने गोवे, मुंबई, कोलकाता, फार तर मलाक्का आणि मकाव ही नावे येतात. फिलिपिन्सची राजधानी मनिला या यादीत सहसा नसते. वास्तविक आशिया खंडात स्पेनने दीर्घकाळ राखलेली सत्ता ही केवळ फिलिपिन्समधील होय आणि तिचे केंद्र म्हणजे मनिला. १५७१ ते १८९८ पर्यंत स्पॅनिश, नंतर अमेरिकन, मध्यंतरी तीन वर्षे जपानी अशा तीन परकीय सत्तांनी या शहरावर राज्य केले. १७६२ ते १७६४ या काळात ते इंग्रजांच्याही ताब्यात होते आणि त्या मोहिमेचा उगम भारतात होता. एवढ्या सत्तांतरांच्या खुणा अंगावर वागवणारे शहर वास्तूंच्या दृष्टीने संपन्न असावे, अशी अपेक्षा स्वाभाविक ठरते. प्रत्यक्षात मात्र मनिलात येणाऱ्या अभ्यासकास एका विपर्यासाला तोंड द्यावे लागते. जे 'जुने' म्हणून त्यास दाखविले जाते त्यापैकी बराच भाग गेल्या सत्तर वर्षांत उभारलेला आहे. आणि जे खरोखर जुने आहे ते बहुधा त्याच्या वाटेत येतच नाही. ते एखाद्या गोदामाच्या मागे, एखाद्या गजबजलेल्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर, अथवा पत्र्याच्या कुंपणाआड उभे असते.

हा विपर्यास कसा निर्माण झाला, याचा शोध मनिलातील काही निवडक वास्तूंच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शहरातील सर्व स्मारकांची जंत्री देणे येथे अभिप्रेत नाही.

तटबंदीतील नगर

पासिग नदीच्या मुखाशी रजा सुलेमान याची मायनिला ही वसाहत होती. मिगेल लोपेस दे लेगास्पी याने २४ जून १५७१ रोजी त्या जागी स्पॅनिश नगराची स्थापना केली. आरंभीची घरे बांबू, लाकूड आणि निपाच्या पानांची असल्याने आगीत वारंवार भस्मसात होत. अंतोनिओ सेदेन्यो या जेझुइट धर्मगुरूने दगडी बांधकामाचे तंत्र येथे रुजविले आणि १५९० पासून गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास याने नगराभोवती दगडी तट उभारण्याचे काम हाती घेतले. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीच्या या तटाच्या आतील नगर म्हणजे इन्त्रामुरोस. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच 'तटाच्या आत' असा होतो. त्यासाठी वापरलेला दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ खडक. तो नदीच्या वरच्या अंगास असलेल्या ग्वादालुपे येथील खाणींतून येई. हा दगड घडवण्यास सोपा, परंतु पाणी शोषणारा. दर पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि झुडपे माजतात, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावे लागते.

या तटाच्या आत राहण्याचा अधिकार प्रामुख्याने स्पॅनिश लोकांना होता. चिनी व्यापारी आणि कारागीर यांना तटाबाहेर, तोफांच्या टप्प्यात येईल अशा परियान या वस्तीत ठेवण्यात आले होते. तथापि तटाच्या आतील बहुतेक बांधकामामागे याच चिनी आणि स्थानिक कारागिरांचे हात होते. १५८७ ते १६०७ या काळात उभ्या राहिलेल्या सान अगुस्तिन चर्चच्या प्रवेशद्वाराशी बसलेले दगडी चिनी सिंह त्याची साक्ष देतात. युरोपीय धर्तीच्या ख्रिस्ती मंदिराच्या अंगणात हे सिंह पाहून प्रथम येणारा पाहुणा थबकतो.

सान अगुस्तिन हे फिलिपिन्समधील सर्वांत जुने दगडी चर्च मानले जाते. १६४५, १८६३ आणि १८८० च्या भूकंपांतून ते वाचले. मात्र १८८० च्या धक्क्याने त्याच्या डाव्या मनोऱ्यास एवढे तडे गेले की तो कायमचा उतरवावा लागला. आज दर्शनी भागास एकच मनोरा आहे आणि ही असमतोल आकृतीच त्या वास्तूची ओळख बनली आहे. आतील छतावर १८७५ मध्ये आल्बेरोनी आणि दिबेला या इटालियन चित्रकारांनी केलेले काम इतके फसवे आहे की सपाट गिलाव्यावर उठावाची नक्षी असल्याचा भास होतो. १८९८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनने अमेरिकेपुढे मनिला शहर खाली ठेवले, त्या शरणागतीच्या अटी याच चर्चच्या वस्त्रदालनात तयार झाल्या. १९९३ मध्ये युनेस्कोने फिलिपिन्समधील ज्या चार बरोक चर्चचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला, त्यांत हे एक आहे.

येथे गोव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या ऑगस्टिनियन पंथाने मनिलात हे चर्च बांधले त्याच पंथाचे जुन्या गोव्यातील भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले होते. दोन्ही वास्तू साधारण एकाच पिढीच्या. मनिलातील वास्तूने अनेक भूकंप, इंग्रजांची लूट आणि एक महायुद्ध सोसले व ती उभी राहिली. गोव्यात असे कोणतेही अरिष्ट आले नाही. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बरखास्त केले, मठ रिकामा झाला, आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. आज तेथे मनोऱ्याचा एक उंच तुकडा शिल्लक आहे. वास्तू टिकण्यासाठी तिच्यात कोणीतरी राहत असणे, निदान गळके छप्पर शाकारणारे कोणी असणे, किती आवश्यक आहे, हे या दोन भावंडांच्या तुलनेतून दिसते.

मद्रासहून आलेली मोहीम

इन्त्रामुरोसच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सान दिएगो नावाचा बुरूज आहे. जमिनीखाली गाडला गेलेला हा गोलाकार पाया १९७९ नंतर उत्खनन करून उघडा करण्यात आला. तटाच्या याच बाजूस इंग्रजांच्या तोफांनी १७६२ मध्ये खिंडार पाडले होते. विल्यम ड्रेपर याच्या सेनापतित्वाखालील ही मोहीम मद्रासहून निघाली होती आणि तिच्यात ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई होते. ६ ऑक्टोबर १७६२ रोजी शहर पडले. पानिपतच्या तिसऱ्या लढाईस तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. पानिपतच्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, इंग्रजांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतली होती. दक्षिणेत फ्रेंचांचा धोका संपल्यामुळेच मद्रासकरांना समुद्रापलीकडील साहसासाठी फौज मोकळी करता आली. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात १७६१ हे वर्ष एका रणांगणाभोवती फिरते; त्याच वर्षाचे पडसाद मनिलाच्या तटावर उमटले, ही गोष्ट सहसा नोंदली जात नाही.

इंग्रज १७६४ मध्ये परत गेले. त्यांच्यासोबत आलेल्या शिपायांपैकी काही जण मागे राहिले आणि शहराच्या पूर्वेस काइन्ता या गावी स्थायिक झाले, अशी दृढ परंपरा तेथे आहे. भारतीय अभ्यासकास मनिलात पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाच्या उत्तरात सान दिएगोच्या बुरुजाचा समावेश अवश्य करावा लागेल.

फेब्रुवारी १९४५

मनिलातील वास्तूंचा कोणताही इतिहास एका महिन्यापाशी येऊन दुभंगतो. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५ या कालावधीत अमेरिकन सैन्य आणि शहरात अडकलेले जपानी सैन्य यांच्यात रस्तोरस्ती लढाई झाली. सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. जपानी सैनिकांनी केलेल्या कत्तली आणि अमेरिकन तोफखान्याचा भडिमार, या दोहोंत नागरिक सापडले होते. इन्त्रामुरोसमध्ये पाय रोवून बसलेल्या जपान्यांना हुसकावण्यासाठी तटावर व आतील वस्तीवर तोफांचा जो वर्षाव झाला त्यात हे नगर जवळजवळ नामशेष झाले. तटाच्या आतील मोठ्या चर्चपैकी केवळ सान अगुस्तिन शिल्लक राहिले. सान्तियागो किल्ल्याच्या अंधारकोठड्यांत सुमारे ६०० बंद्यांचे मृतदेह सापडले. तेथील पांढरा क्रॉस त्यांच्या सामूहिक दफनस्थळाची खूण आहे. हाच तो किल्ला, जेथे फिलिपिनो राष्ट्रवादाचा प्रवर्तक होसे रिझाल याने ३० डिसेंबर १८९६ च्या मृत्युदंडापूर्वीचे दिवस काढले. कोठडीपासून वधस्थानाकडे गेलेली त्याची पावले आज पितळी पाऊलखुणांनी दर्शविली आहेत आणि शाळकरी मुले त्यांवर पाय ठेवून चालतात. त्या मानाने ६०० जणांच्या क्रॉसपाशी थांबणारे कमी.

या विध्वंसाचे स्वरूप असे गुंतागुंतीचे होते की त्याचे स्मारक उभारणेही सोपे नव्हते. शहर मुक्त करणाऱ्यांच्याच तोफांनी ते उद्ध्वस्त झाले होते. मृत नागरिकांचे स्मारक इन्त्रामुरोसमधील एका लहानशा चौकात फेब्रुवारी १९९५ मध्ये, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी उभे राहिले. त्यावरील मजकूर निक होआकिन या थोर फिलिपिनो लेखकाचा आहे. याच होआकिन यांनी युद्धानंतर काही वर्षांतच युद्धपूर्व इन्त्रामुरोसमधील एका घराभोवती आपले प्रसिद्ध नाटक रचले होते. दगडी स्मारकाच्या चार दशके आधी शब्दांत स्मारक उभे राहिले, असे म्हणता येईल.

युद्धोत्तर काळात भग्नावशेषांची जी विल्हेवाट लागली तीही विध्वंसाहून फारशी वेगळी नव्हती. अनेक चर्चच्या भिंती दुरुस्त करण्याजोग्या असूनही जमीनदोस्त करण्यात आल्या. सान्तो दोमिंगोचे धर्मगुरू केसॉन सिटीत स्थलांतरित झाले. सान फ्रान्सिस्को चर्चच्या जागी एक अभियांत्रिकी महाविद्यालय आले. रेकोलेतो पंथाच्या चर्चच्या जागी वृत्तपत्राचे कार्यालय. १९४८ मध्ये केसॉन सिटी ही अधिकृत राजधानी ठरली आणि १९७६ पर्यंत राहिली. याच काळात बँका व व्यापारी कंपन्या जुने शहर सोडून माकाती येथे गेल्या. इन्त्रामुरोसमध्ये उरली ती गोदामे, मालमोटारींचे तळ आणि निर्वासितांच्या झोपड्या. शहराचा प्राण बाहेर गेल्यावर त्याच्या जुन्या देहाची निगा राखण्यात कोणालाही स्वारस्य उरले नाही.

पुनर्बांधणी आणि अस्सलपणाचा प्रश्न

एप्रिल १९७९ मध्ये अध्यक्षीय हुकूमनाम्याद्वारे इन्त्रामुरोस प्रशासन ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली आणि तटबंदीच्या आत नव्या बांधकामांनी स्पॅनिशकालीन शैलीच अवलंबावी असे बंधन घालण्यात आले. तटाची डागडुजी, वेशींची पुनर्रचना, बुरुजांचे उत्खनन ही कामे त्यानंतर झपाट्याने झाली. त्यापूर्वीच, १९५८ मध्ये, वास्तुविशारद फेर्नान्दो ओकाम्पो यांच्या आराखड्यानुसार मनिला कॅथीड्रल पुन्हा उभे राहिले होते. सान इग्नासिओ हे जेझुइटांचे चर्च एकेकाळी इसाबेलो ताम्पिंको याच्या लाकडी कोरीवकामासाठी विख्यात होते. १९४५ मध्ये ते कोरीवकाम जळून गेले. भिंतींच्या आत नवी इमारत बांधून २०१९ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले.

या प्रकल्पांवर 'नकली' असा शिक्का मारणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. ज्या शहराचा चेहराच पुसला गेला त्याने तो पुन्हा रेखाटण्याचा प्रयत्न करणे यात गैर काही नाही. प्रश्न निर्माण होतो तो प्राधान्याचा. सान अगुस्तिनच्या समोर 'कासा मनिला' हे संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकातील धनिक फिलिपिनो कुटुंबाचे घर कसे असे, हे तेथे मांडून दाखविले आहे. खाली दगडी तळमजला व फरसबंद अंगण, वर लाकडी मजला, सरकत्या खिडक्यांना शिंपल्यांची पातळ तावदाने, खिडकीखाली वाऱ्यासाठी जमिनीलगतची झडप. या प्रकारच्या घरास तगालोग भाषेत 'बहाय ना बातो' म्हणजे दगडी घर म्हणतात, जरी त्याचे वरचे अर्धे अंग लाकडाचे असते. भूकंपात लाकूड हलते, दगड पडतो, हे अनुभवाने कळल्यावर ही रचना रूढ झाली. काचेऐवजी वापरलेले शिंपले त्याच जातीचे, जे गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांतही दिसतात. त्यांतून येणारा दुधी, मवाळ उजेड दोन्हीकडे सारखाच. परंतु कासा मनिला हे घर १९८० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले आहे. नदीपलीकडील सान निकोलास भागात, जाबोनेरोस रस्त्यावर, १८५० च्या दशकात बांधलेल्या एका घरावरून त्याचा दर्शनी भाग बेतला आहे. म्हणजे ज्या वस्तीत अशी खरी घरे होती तिच्यापासून जेमतेम कोस-अर्ध्या कोसावर सरकारी खर्चाने त्यांची प्रतिकृती उभी राहत होती आणि तेथील मूळ घरे पडत होती.

इन्त्रामुरोसच्याच आत याचे उलट उदाहरणही आहे. जकात कचेरीची, म्हणजे 'आदुआना'ची, नवअभिजात शैलीतील इमारत १८२० च्या दशकात बांधली गेली. १८६३ च्या भूकंपानंतर आणि १९४५ नंतर ती दोन्ही वेळा दुरुस्त झाली. १९७९ मध्ये लागलेल्या आगीनंतर मात्र ती सोडून देण्यात आली आणि पुढे कित्येक दशके तिच्या छपराविना उभ्या भिंतींमध्ये झाडे वाढत राहिली. ज्या वर्षी इन्त्रामुरोसच्या जतनासाठी स्वतंत्र प्रशासन आले त्याच वर्षी त्यातील एक मोठी अस्सल इमारत ओसाड व्हावी, हा योगायोग बोलका आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे स्थान म्हणून तिचा जीर्णोद्धार करण्याचे ठरले, तरी प्रत्यक्ष काम सुरू होण्यास दीर्घ काळ जावा लागला.

पोलादी चर्च

कियापो भागातील सान सेबास्तियन हे चर्च मनिलातील वास्तूंमध्ये सर्वस्वी वेगळे आहे. येथील आधीची चर्चे आगीत आणि भूकंपांत पडली. १८८० च्या भूकंपानंतर धर्मगुरूंनी हेनारो पालासिओस या अभियंत्याकडून आग व भूकंप या दोहोंस पुरून उरेल अशी वास्तू मागितली. त्याने सुचविले पोलाद. बेल्जियममध्ये घडविलेले सुटे भाग जहाजांनी मनिलात आले आणि १८९१ मध्ये संपूर्ण पोलादी गॉथिक चर्च पूर्ण झाले. पॅरिसच्या आयफेल यांचे नाव या चर्चशी लोक हौसेने जोडतात. आराखडा मात्र पालासिओसचाच. आतील खांब व कमानी रंगकामाने संगमरवरासारख्या भासविल्या आहेत. बोटाने टकटक केल्यावर धातूचा पोकळ नाद येतो, तेव्हा कुठे खरे साहित्य कळते.

पालासिओसचा हिशेब चुकला नव्हता. भूकंपांनी या चर्चला काही केले नाही, आगीनेही नाही, १९४५ च्या लढाईतूनही ते वाचले. त्याने विचारात न घेतलेला शत्रू होता मनिला उपसागराचा खारा, दमट वारा. फटींतून झिरपलेले पावसाचे पाणी पोकळ खांबांच्या आत साचते आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरून रंग शाबूत असताना आतील पत्रा पातळ झालेला असतो. न्यू यॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने आपल्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये त्याचा समावेश केला. (याच संस्थेच्या २००६ च्या यादीत मुंबईतील वॉटसन्स हॉटेलची, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शनची, ओतीव लोखंडाची इमारत होती. तीही परदेशात घडवून जहाजाने आणलेली.) गेल्या दीड दशकात स्थापत्य अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि स्वयंसेवक यांनी चालविलेले येथील काम मनिलातील सर्वांत शास्त्रशुद्ध जतनकार्यांपैकी एक होय. त्याची गती मंद आहे, कारण दगड व चुना यांची डागडुजी करणारे गवंडी मिळतात. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादाची चिकित्सा करणारे मिळत नाहीत.

अमेरिकन काळातील इमारती

१९०५ मध्ये डॅनियल बर्नहॅम यांनी मनिलाचा नगररचना आराखडा तयार केला. रुंद रस्ते, सरकारी इमारतींचा समूह, समुद्राकाठचा मार्ग ही कल्पना त्यांचीच. शहरातील शिंपल्यांच्या खिडक्या आणि कौलारू छपरे जपावीत अशी शिफारसही त्यांनी केली होती. या आराखड्याच्या चौकटीत दोन दशकांनी फिलिपिनो वास्तुविशारदांची पहिली मोठी पिढी पुढे आली. तिचे अग्रणी हुआन आरेल्यानो. विधिमंडळाची इमारत आणि मुख्य टपाल कार्यालय या १९२६ च्या दोन्ही इमारती त्यांच्या नावावर आहेत. विधिमंडळाची इमारत युद्धानंतर पुन्हा बांधली गेली; तेथे आज राष्ट्रीय ललित कला संग्रहालय आहे, हुआन लुना याचे 'स्पोलिआरियम' हे प्रचंड चित्र तेथेच पाहावयास मिळते, आणि २०१६ पासून प्रवेश विनामूल्य आहे. वास्तूचा नवा, योग्य उपयोग कसा असावा याचा हा नमुना होय.

आरेल्यानो यांचीच तिसरी इमारत, १० डिसेंबर १९३१ रोजी उघडलेले मेट्रोपॉलिटन थिएटर, हिच्या वाट्याला आलेले आयुष्य अधिक खडतर आहे. आर्ट डेको शैलीच्या या नाट्यगृहात आंबा, केळी व स्थानिक पानाफुलांच्या आकृती सजावटीत आणल्या होत्या. शिल्पे फ्रान्चेस्को मोन्ती यांची, भित्तिचित्रे फेर्नान्दो आमोर्सोलो यांची. युद्धात त्याची पडझड झाली. नंतर तेथे वाहने ठेवली गेली, मद्यालय चालले, बेघर कुटुंबे राहिली. १९७८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, परंतु मालकी कोणाची या वादातून १९९६ मध्ये ते बंद पडले. महापालिका एका बाजूस, सरकारी कर्मचाऱ्यांचा विमा निधी दुसऱ्या बाजूस. आणि मध्ये गळके छप्पर. २०१० मध्ये त्यास 'राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा' असा सर्वोच्च दर्जा मिळाला, तरीही कुलूप निघाले नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्कृती व कला आयोगाने २७ कोटी पेसो देऊन ते विकत घेतले, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याचे पुनरुद्घाटन झाले. दर्जा मिळण्यापासून दारे उघडण्यापर्यंत अकरा वर्षे गेली. त्यांतील पहिली पाच केवळ मालक ठरविण्यात खर्ची पडली, हे प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावे असे आहे.

ताफ्त मार्गावरील हाय अलाय क्रीडागृहास एवढीही संधी मिळाली नाही. वेल्टन बेकेट यांनी १९४० मध्ये बांधलेली, अर्धवर्तुळाकार काचेच्या दर्शनी भागाची ही इमारत आशियातील आर्ट डेको शैलीचा उत्कृष्ट नमुना समजली जाई. २००० मध्ये नगर प्रशासनाने न्यायालयीन संकुलासाठी ती पाडली. संकुल तेथे झाले नाही. या घटनेने मनिलातील वारसाप्रेमी नागरिक प्रथमच मोठ्या प्रमाणावर संघटित झाले, एवढेच काय ते तिचे फलित.

कायदा आणि व्यवहार

फिलिपिन्समध्ये वारसा संरक्षणाचे कायदे नाहीत असे नाही. १९६६ मध्ये पहिला व्यापक कायदा झाला. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा अधिनियम संमत झाला आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. २०१० च्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, की पन्नास वर्षांहून जुनी वास्तू ही विरुद्ध निर्णय होईपर्यंत 'महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता' आहे असे गृहीत धरले जाईल. तत्त्वतः ही तरतूद अत्यंत पुरोगामी आहे. व्यवहारात तिची मर्यादा एका वाक्यात सांगता येते : वास्तू पाडण्यास बंदी आहे, पडण्यास नाही. सर्वोच्च दर्जाच्या वास्तूंना सरकारी निधीत अग्रक्रम मिळतो. उरलेल्यांच्या मालकांवर बंधन येते, पैसा येत नाही. भाडे नगण्य, जमिनीची किंमत प्रचंड, आणि छप्पर गळू दिले तर दहा-वीस पावसाळ्यांत प्रश्न आपोआप सुटतो. मुंबईतील जुन्या चाळी आणि उपकरप्राप्त इमारतींचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे गणित अपरिचित वाटणार नाही.

दुसरी मर्यादा परिसराची. लुनेता उद्यानातील रिझालच्या स्मारकामागे चाळीसहून अधिक मजल्यांचा निवासी मनोरा २०१२ नंतर उभा राहू लागला. स्मारकाची पार्श्वभूमी बिघडते, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये काम थांबविण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये नऊ विरुद्ध सहा अशा बहुमताने न्यायालयाने याचिका फेटाळली. उद्यानाच्या हद्दीबाहेरील खासगी जमिनीवरील बांधकाम केवळ दृश्यास बाधा आणते म्हणून रोखणारा कायदा नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ होता. कायद्याच्या दृष्टीने तो असमर्थनीय म्हणता येत नाही. पण समोरून रिझालचा पुतळा पाहणाऱ्यास त्यामागील सज्जे मोजता येतात, हेही खरे.

आणि दर्जा व निधी या दोहोंपलीकडे एक साधी बाब उरते, ती दैनंदिन दक्षतेची. आरेल्यानो यांच्या मुख्य टपाल कार्यालयास २०१८ मध्ये 'महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता' घोषित करण्यात आले होते. इमारत वापरात होती, मालकी निर्विवाद सरकारी होती, म्हणजे मेट्रोपॉलिटन थिएटरचा एकही अडसर येथे नव्हता. २१ मे २०२३ च्या रात्री तळघराकडून लागलेली आग तीस तासांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि आयोनिक स्तंभांच्या रांगेमागील इमारत आतून पोकळ झाली. सामान ठेवण्याच्या खोलीतील मोटारीच्या बॅटरीचा स्फोट हे आगीचे कारण चौकशीत निष्पन्न झाले. जानेवारी २०२४ मध्ये याच इमारतीच्या मागील बाजूस पासिग नदीकाठचा नवा फिरण्याचा मार्ग लोकांसाठी खुला झाला.

नदीपलीकडे

मनिलाचा वारसा पाहू इच्छिणाऱ्याने म्हणूनच इन्त्रामुरोसपाशी न थांबता हाच नदीकाठ धरून जोन्स पूल ओलांडणे आवश्यक ठरते. कार्लोस सेल्द्रान (मृत्यू २०१९) यांच्यासारख्या कलावंतांनी इन्त्रामुरोसच्या पायी सहलींना नाट्यप्रयोगाचे रूप देऊन नव्या पिढीस तटाच्या आत आणले. पुलापलीकडील भागास असा सूत्रधार अद्याप लाभलेला नाही. पुलाशीच एस्कोल्टा हा युद्धपूर्व मनिलाचा सर्वांत प्रतिष्ठित व्यापारी रस्ता लागतो. चित्रकार हुआन लुना याचा पुत्र आंद्रेस लुना दे सान पेद्रो याने १९२८ मध्ये बांधलेली पेरेस-सामानिल्यो इमारत येथे आहे. तिच्या मालकांनी तरुण कारागीर व कलावंतांना तळमजला देऊन २०१६ पासून तिथे वर्दळ निर्माण केली. सरकारी दर्जाची वाट न पाहता. जवळच नदीच्या काठी १९१४ ची एल ओगार फिलिपिनो ही इमारत आहे. २०१४ मध्ये ती विकली गेली तेव्हा पाडली जाण्याची भीती निर्माण झाली आणि नागरिक संघटनांनी जोरदार मोहीम चालविली. तिच्या जिन्याचे लोखंडी काम हा त्या काळच्या कारागिरीचा मासला आहे.

एस्कोल्टाच्या पश्चिमेस बिनोन्दो आणि सान निकोलास. येथे घाऊक व्यापाराची दुकाने, हातगाड्या आणि विजेच्या तारांची जाळी यांमधून वर मान करून पाहिल्यास शिंपल्यांची तावदाने अजून कोठे कोठे दिसतात. याच भागातील कासा बिसान्तिना हे १८९० चे तीन मजली घर एकेकाळी एका शिक्षणसंस्थेचे पहिले स्थान होते. पुढे त्यात अनेक गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. २००९ च्या सुमारास ते सुटे करून बाताआन प्रांतातील बागाक येथे समुद्रकाठी वसविलेल्या एका खासगी पर्यटन संकुलात पुन्हा जोडण्यात आले. तेथे त्याची निगा उत्तम राखली जाते. या स्थलांतरावर फिलिपिनो अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. घर वाचले, असे एक पक्ष म्हणतो. ज्या रस्त्याचे ते घर होते तो रस्ता त्यास मुकला आणि घर रस्त्यास, असे दुसरा. पहिल्या पक्षाकडे उभी वास्तू आहे, त्यामुळे त्याचे पारडे जड वाटते. परंतु घर हलविता येते अशी सोय निर्माण झाल्यावर ते जागेवरच दुरुस्त करण्याचा आग्रह कोण धरणार, हा दुसऱ्या पक्षाचा सवाल अनुत्तरित राहतो.

जाबोनेरोस रस्ता तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या घरावरून कासा मनिला बांधले गेले, ते आता त्या रस्त्यावर नाही.